रडूबाई रडेना

गव्हाचं पान पिवळं पडलं की जगात एकाच बाईला आनंद होतो. तिला सगळे पिवळीमावशी म्हणतात.

हे नाव तिला बियाणे केंद्राच्या पहारेकऱ्याने ठेवलं. चिडवायला ठेवलं होतं. मावशीला वाटलं, पदवी मिळाली. तेव्हापासून ती स्वतःच स्वतःची ओळख तशी करून देते.

केंद्रात गव्हाच्या नव्या जाती तयार होतात. एका टोकाला कार्यालय, दुसऱ्या टोकाला कामगारांची घरं, मधे शेतंच शेतं. आणि सगळ्यांपासून फटकून, तारेच्या कुंपणाआड, जमिनीचा एक तुकडा. त्याला आजारी तुकडा म्हणतात. तो मावशीचा.

तिथल्या मातीला रोग आहे. डोळ्यांना न दिसणारा एक जीव त्या मातीत राहतो. ओल मिळाली की तो गव्हाच्या मुळांत शिरतो. तो तसा निरुपद्रवी. पण त्याच्याबरोबर एक विषाणू आत घुसतो. लग्नाच्या पंगतीत एखाद्या साध्या पाहुण्याबरोबर न बोलावलेला माणूस यावा आणि त्यानेच पातेली रिकामी करावीत, तसं. मग ऐन थंडीत पानांवर पिवळ्या रेघा उठतात. रोप खुरटतं. ऊन वाढलं की रेघा पुसट होतात, पण दाणा भरायचा तो भरत नाहीच. या मातीला औषध नाही. पडीक टाकली तरी तो जीव कवच पांघरून वर्षानुवर्षं झोपून राहतो. उपाय एकच. ज्याला हा आजार बाधत नाही असा गहू शोधायचा.

आणि असा गहू शोधायचा तर आजारी माती हवी. म्हणून बाकीचं केंद्र माती निरोगी ठेवायला झटतं आणि मावशी माती आजारी ठेवायला.

ती हे काम जीव लावून करते. थंडीत तुकड्याला पाणी देऊन ओल धरते. ज्या कोपऱ्यात रोग जोरात आहे तिथली माती घमेल्याने उचलते आणि जिथे तो मंदावलाय तिथे विरजणासारखी लावते. तिचं फावडं लाल, घमेलं लाल, ढकलगाडी लाल, गमबूटसुद्धा लाल. लाल वस्तू कुंपणाबाहेर जात नाही. फाटकाशी औषधाच्या पाण्याचा हौद आणि ताठ केसांचा ब्रश. आत गेलेल्या प्रत्येकाने बाहेर येताना बूट घासायचे. मोठ्या साहेबांना तिने एकदा पँट दुमडून पोटऱ्या दाखवायला लावल्या होत्या. एकदा एक कुत्रं तारेखालून आत शिरलं. मावशीने त्याला धरलं, चारही पाय धुतले, पुसले, आणि मग त्याला शिव्या दिल्या. हा क्रम तिने जाणूनबुजून ठेवला होता. आधी शिव्या दिल्या असत्या तर ते पळालं असतं.

फाटकावर पाटी आहे. मजकूर मावशीचाच. "इथली माती बाहेर नेणाऱ्याला पुन्हा आत प्रवेश नाही." एका ट्रॅक्टरवाल्याने चाकं न धुता ट्रॅक्टर बाहेर काढला होता. तो आजतागायत कुंपणाबाहेर उभा राहून आत बघतो.

तुकड्यात दरवर्षी नव्या जातींच्या ओळी असतात. दर काही ओळींनंतर एक ओळ रडूबाईची. रडूबाई हा जुना, भेसळीचा, नाजूक गहू. रोगाचं वारं लागलं की पिवळा पडणारा. तिला पेरायचं ते रडण्यासाठीच. ती रडली म्हणजे माती आपलं काम करतेय हे कळतं, आणि मग शेजारची हिरवी ओळ खरोखर दणकट आहे असं म्हणता येतं. रडूबाई नसेल तर परीक्षाच नाही.

रडूबाईचं बी सांभाळणं हेही मावशीकडे. केंद्रात लागली त्या दिवसापासून तिच्याकडे.

या वर्षी थंडी अशी पडली की मावशी हरखून गेली. दात वाजत होते आणि ती हसत होती. वर ओलही भरपूर. मधली काही वर्षं थंडी नावापुरतीच होती. रडूबाई कमी कमी रडत गेली होती आणि दोष सगळ्यांनी हवेला दिला होता.

"यंदा बघा मॅडम," ती म्हणाली. "यंदा रडूबाई अशी हंबरडा फोडेल की कार्यालयात ऐकू येईल."

मॅडम म्हणजे गव्हाच्या जाती तयार करणारी शास्त्रज्ञ. वयाने मावशीच्या मुलीएवढी. बोलणं भराभर, चष्मा कायम डोक्यावर आणि शोध कायम चष्म्याचा. यंदा तुकड्यात फक्त तिच्या शेवटच्या फेरीतल्या जाती होत्या. कच्च्या होत्या त्या आधीच गळल्या होत्या. उरलेल्या सगळ्या हिरव्या राहतील अशी तिची आशा होती. मधे रडूबाई तेवढी पिवळी.

मावशी रोज सकाळी फाटक उघडायची आणि वाकून बघायची. पानं हिरवी. दुसऱ्या दिवशी हिरवी. थंडी कडाक्याची, ओल पायाला लागते, आणि रडूबाई हिरवीगार. टवटवीत. वाऱ्यावर डुलतेय.

"अगं, लाज कशी वाटत नाही?" मावशी तिला म्हणाली. "इतकं खाऊ घातलं, पाणी पाजलं, ते या दिवसासाठी?"

रडूबाई डुलली.

मॅडम गुडघ्यांवर बसून पानं उलटीपालटी करत होती. "मावशी, एक रेघ दिसतेय का?"

"ही बघा."

"ती तुमच्या बोटाची सावली."

बातमी कार्यालयात पोचली. मोठे साहेब स्वतः आले. हात पसरूनच आले.

"मावशी, अभिनंदन! तुमची माती बरी झाली!"

"असं अभद्र बोलू नका साहेब."

"अहो, आनंदाची गोष्ट आहे. रोगच गेला. सगळा तुकडा हिरवा आहे."

"हिरवा आहे म्हणूनच तर पोटात गोळा आलाय."

साहेबांना गोळा समजला नाही. त्यांचं मन खालच्या शेतांवर होतं. बियाण्याची ती शेतं सखल होती. दर वर्षी पाणी तुंबायचं. भर टाकायला माती हवी होती आणि माती महाग झाली होती. आता हा तुकडा बरा झालाच आहे, तर इथलीच माती काढू, जवळच्या जवळ टाकू. उरेल ती आसपासचे शेतकरी मागतातच आहेत, त्यांना देऊ. मुख्यालयाची समिती पाहणीला येणार होती. तिने तुकडा बंद करायला होकार दिला की त्याच दिवशी खोदाई. ट्रक सांगून झाले होते.

मावशीच्या पायाखालची माती आत्ताच सरकायला लागली.

खालच्या शेतांतलं बियाणं गावोगाव जातं. त्याबरोबर ट्रक जातात, चाकं जातात, पोत्यांच्या बुडाशी चिकटलेली ढेकळं जातात. इतकी वर्षं तिने ज्या मातीचा कण बाहेर जाऊ दिला नव्हता, ती आता ट्रक भरभरून निघणार होती. वाजतगाजत.

"माती बरी झालेली नाही साहेब," मॅडम म्हणाली.

"मग दाखवा."

मॅडमने रडूबाईचं एक मूळ धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मातीतला तो जीव तिथे झोपलेला स्पष्ट दिसला. साहेबांनी डोळा लावला आणि हुशारीने विचारलं, "हा तर नुसता वाहक. याच्याबरोबर विषाणू आहे कशावरून?"

मॅडमचा चेहरा पडला. "गाडी दिसते. गाडीत कोण बसलंय ते यातून दिसत नाही."

"मग गाडी रिकामी असेल."

प्रयोगशाळेला मुळं पाठवली. तिथून उत्तर आलं की रांग मोठी आहे, निकालाला वेळ लागेल. ट्रकना मात्र रांग नव्हती.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी मावशी दुपारी जेवायला घरी आली. घर म्हणजे कामगारांच्या चाळीतलं शेवटचं. पुढे पायरी, पायरीवर तिचा नवरा. त्याला सगळे बूटकाका म्हणतात. साऱ्या केंद्राचे बूट तोच दुरुस्त करतो. मांडीत एक बूट उलटा, हातात हातोडी, ओठांत खिळे. खिळे ओठांत धरूनच तो बोलतो. अनोळखी माणसाला काही कळत नाही. मावशीला सगळं कळतं.

पायरीजवळ भिंतीला लागून त्याने गव्हाची एक पट्टी पेरली होती. घरातल्या डब्यातले मूठभर दाणे. त्याच्या कोंबडीसाठी. कोंबडीचं नाव राणीसरकार. तिला कोवळा पाला लागतो, आणि तो वेळेवर मिळाला नाही तर ती बुटात अंडं घालते.

"दुकानदाराने फसवलं बघ," बूटकाका म्हणाला. "डब्यातला गहू निकृष्ट आहे. उगवला चांगला, आता मरगळलाय. राणीसरकार तोंड लावत नाही."

"मला तुमच्या कोंबडीचं कौतुक सांगू नका. उद्या माझं सगळं मातीत जाणार आहे."

"एकदा बघ तरी. खत कमी पडलं का?"

मावशीने वैतागून मान वळवली.

पट्टी पिवळी होती. सगळी नाही. भिंतीकडची रोपं हिरवी, पायरीच्या बाजूची पिवळी. मावशी खाली बसली. एक पान उजेडात धरलं. पानभर बारीक, तुटक, पिवळ्या रेघा. इतकी वर्षं ओळखीच्या. लेकीचं अक्षर ओळखावं तशा तिने त्या ओळखल्या.

"अहो!" ती ओरडली. "पिवळं!"

"तेच तर म्हणतोय."

"अहो, पिवळं, पिवळं, पिवळं!" तिने राणीसरकारला उचललं आणि अंगणात दोन गिरक्या घेतल्या. कोंबडीने आकांत मांडला. शेजारची दारं उघडली. "मेलेला नाही तो! जिवंत आहे! माझी माती आजारी आहे!"

तिसरी गिरकी अर्धी राहिली.

तिने कोंबडीला हळूच खाली ठेवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, इथवर ठीक. पण हा कळसा काखेत आला कसा?

"अहो," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "खिळे काढा तोंडातून."

"का?"

"काढा म्हणते ना."

त्याने एकेक खिळा काढून डबीत टाकला. वेळ काढायचा हा त्याचा जुना मार्ग.

"माझी माती इथे कशी आली?"

"तुझी माती? ही तर अंगणातली."

"माझ्या डोळ्यांत बघून सांगा."

बूटकाकाने राणीसरकारकडे बघितलं. "पेरणीच्या दिवसांत तुझ्या लाल बुटाची टाच उलली होती. आठवतं?"

"स्टोअरवाल्याने ठिगळ मारून दिलं."

"त्याला चप्पलेचा अंगठा लावता येत नाही. तो काय ठिगळ मारतो! मी तुला डबा द्यायला आलो होतो. बूट फाटकाशी वाळत घातलेले. एक टाच अशी आ वासून बघतेय माझ्याकडे. माझा हात शिवशिवायला लागला. घेऊन आलो, रात्रीत ठिगळ लावलं, सकाळी तू उठायच्या आत परत नेऊन ठेवले."

"आणि माती?"

"ठिगळ चिकटायला रबर कोरडं, साफ लागतं. ब्रश पोचत नाही अशा टाचेच्या खाचांत सुकलेला चिखल होता थोडा. सुरीने खरवडला. इथेच." त्याने पायरीच्या कडेला बोट दाखवलं. मग बोट मागे घेतलं.

मावशीने कपाळाला हात लावला.

"आणि वर तू दुसऱ्या दिवशी घरी येऊन मलाच सांगितलंस," तो हळूच म्हणाला, "की स्टोअरवाल्याचा हात काय सफाईदार आहे. तेव्हा मला काय वाटलं असेल?"

"मग सांगायचं होतंत!"

"कसं सांगणार? पाटी वाचता येते मला."

मावशी त्याच्या शेजारी पायरीवर बसली. पाटी दोघांच्याही डोळ्यांपुढे होती. तिच्याच बुटांबरोबर माती बाहेर गेली होती. हे सांगितलं तर तुकडा तिला बंद. नाही सांगितलं तर तुकडाच बंद, आणि माती गावभर.

"मूग गिळून गप्प बस," बूटकाका म्हणाला. "मी हा गहू उपटून जाळून टाकतो."

"हात लावून बघा. तुमची हातोडी आणि तुमचं डोकं!"

"मग?"

"मग काय. उद्या समितीला चहाला बोलावते."

समिती आली. पुढे अध्यक्षबाई. वयस्कर, काटकुळ्या, मोजकं बोलणाऱ्या. मागे दोन सभासद, जे बाईंनी मान हलवली की मान हलवत. कुंपणाबाहेर रस्त्यावर ट्रक घरघरत उभे होते. खोदायचं यंत्र सोंड वर करून वाट बघत होतं.

समितीने तुकडा बघितला. हिरवा. साहेब नवरदेवाच्या बापासारखे मिरवत होते. मॅडमचा चष्मा डोक्यावर होता आणि ती तो खिशांत शोधत होती.

बाहेर येताना मावशीने ब्रश पुढे केला.

"आता कशाला?" साहेब म्हणाले. "रोग गेला ना."

"तो गेला की नाही ते अजून ठरायचंय. बूट वर करा."

अध्यक्षबाईंनी मुकाट्याने बूट वर केला. सभासदांनी लगेच आपापले वर केले आणि तोल जाऊन एकमेकांना धरलं.

"बाई," मावशी म्हणाली, "सही करायच्या आधी एकदा माझ्या घरी चला. जवळच आहे. तिथे रोग दाखवते."

साहेबांना ठसका लागला. अध्यक्षबाई चालायला लागल्या होत्या. मग सगळेच निघाले. पुढे मावशी, मागे समिती, मागे साहेब, आणि गंमत बघायला ट्रकवालेसुद्धा. पायरीवर बूटकाका धुतलेला सदरा घालून ताठ उभा होता. पट्टीभोवती त्याने बुटाच्या नाड्या बांधून कुंपण केलं होतं. राणीसरकार टोपलीखाली होती आणि टोपली बोलत होती.

मॅडम धावतच पुढे झाली. वाकली. एक पान, दुसरं पान. मग ती अशी हसली की सभासद दचकले.

"हाच! अगदी हाच! गाडीत बसलाय तो!"

"इथे कसा आला?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझ्या बुटांबरोबर," मावशी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "टाचेत होती तेवढीच माती. तेवढीने हे केलंय. आता ट्रकांचा हिशोब तुम्ही करा."

सगळ्यांनी रस्त्याकडे मान वळवली. रस्त्यावरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"बूट मी आणले," बूटकाका म्हणाला. "हिला ठाऊक नव्हतं."

"तुम्ही मधे बोलू नका."

"का नको? ठिगळ माझं आहे!" तो अध्यक्षबाईंकडे वळला. "स्टोअरवाल्याचं नाही. हे तरी कुठेतरी लिहून घ्या."

अध्यक्षबाईंनी मान हलवली. दोन माना हलल्या.

पण साहेब सहजासहजी हरणारे नव्हते. "समजा माती आजारी आहे. मग तुमची ती रडूबाई हिरवी कशी? इथल्या चिमूटभर मातीत डब्यातला गहू पिवळा पडतो आणि तिथे ढिगाऱ्यावर बसून रडूबाई हसते?"

प्रश्न बिनतोड होता. मॅडमचं हसू थांबलं. तिने मावशीकडे बघितलं.

"मावशी, रडूबाईचं बी तुम्हीच धरता ना?"

"मीच. पहिल्यापासून."

"कसं धरता?"

"कसं म्हणजे? बी धरतात तसं. कापणीच्या आधी ओळीतून फिरते. चांगल्या चांगल्या ओंब्या तोडते."

"कुठल्या चांगल्या?"

"धडधाकट. भरलेल्या. कमी पिवळ्या पडल्या असतील त्या." मावशीला प्रश्नच कळेना. "बियाण्याला कोणी किडकीमिडकी ओंबी घेतं का? माझ्या आईने लहानपणीच शिकवलंय. बी धरावं ते धट्ट्याकट्ट्याचं."

मॅडम पायरीवर बसली. मग तिला हसू फुटलं. ती पोट धरून हसली, डोळे पुसून हसली. डोक्यावरचा चष्मा खाली पडला तेव्हा तिला तो सापडला.

"अहो मावशी! तिला आजारी पाडायचं होतं! आणि तुम्ही दर वर्षी त्यातली जी कमी रडते तिलाच निवडत आलात! आजारी मातीत! इतकी वर्षं! आम्ही कार्यालयात बसून जे करायचं म्हणतो ते तुम्ही रडूबाईवर करून ठेवलंत!"

"मी काही नाही केलं हो."

"आणि मीही काही विचारलं नाही. हिरवी होत गेली, मी थंडीला नावं ठेवत बसले. भेसळीचा गहू होता तो. त्यातले एकदोन दाणे मुळातच खमके असणार. तुम्ही त्यांनाच वाढवत आलात."

मावशीच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. पडला तेव्हा ती घाबरली. "म्हणजे मी रडूबाईची वाट लावली?"

"वाट लावली आणि वाट काढलीसुद्धा."

"म्हणजे माती..." साहेब म्हणाले.

"माती आहे तशीच आहे साहेब. जीव मुळांत शिरतोय, मातीत रोग पोसला जातोय. फक्त वर पानांपर्यंत विषाणूला पोचू देत नाही ही रडूबाई. सासू तितकीच खाष्ट आहे. सून खमकी निघाली."

"मला वाटलं सासू सुधारली."

"सासवा सुधारत नाहीत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मी स्वतः एक आहे."

सभासदांनी मान हलवली. मग कुठे हलवली ते लक्षात येऊन थांबवली.

मॅडम म्हणाली, हा आपला अंदाज आहे. शीतगृहात रडूबाईचं मूळ बी आहे, मावशी लागायच्या आधीचं. पुढच्या थंडीत ते आणि मावशीचं, दोन्ही शेजारी शेजारी पेरू. मग बघू. अध्यक्षबाईंनी हात वर करून ट्रकवाल्यांना जायची खूण केली. ट्रकवाले निघाले तेव्हा मावशी ब्रश घेऊन मागे धावली. ते अंगणात उभे राहिले होते ना.

राहिली पाटी.

"मी आजपासून आत जाणार नाही," परत आल्यावर मावशी म्हणाली. ब्रश तिने मॅडमच्या हातात दिला. "ट्रॅक्टरवाल्याला एक न्याय आणि मला दुसरा, असं चालणार नाही. पाटी माझीच आहे."

हे बोलताना ती कोणाकडेच बघत नव्हती. बूटकाकाने एक खिळा उचलून ओठांत धरला आणि परत काढला.

अध्यक्षबाईंनी पट्टी बघितली. नाड्यांचं कुंपण बघितलं. "माती जिथे जाते तिथे कुंपण जातं," त्या म्हणाल्या. "हे अंगण आता आजारी तुकड्यात धरा. हौद, ब्रश, सगळं इथेही लावा. तुकडा इथपर्यंत आहे म्हटल्यावर या बाहेर गेल्याच नाहीत."

"हे कुठल्या नियमात बसतं?" साहेबांनी विचारलं.

"आत्ता बसवलं."

दोन माना जोरात हलल्या.

मावशीने ब्रश परत घेतला, जवळजवळ हिसकावूनच. पहिले पाय राणीसरकारचे धुतले गेले. तिने अख्ख्या समितीसमोर निषेध नोंदवला. संध्याकाळी मावशी स्वतः ट्रॅक्टरवाल्याच्या घरी गेली आणि म्हणाली, "उद्यापासून आत ये बाबा. पण चाकं मी बघणार." तो इतका गहिवरला की त्याने ट्रॅक्टर दोनदा धुतला.

पुढची थंडी चांगली पडली. एका सकाळी मॅडम धावत कार्यालयातून निघाली, कारण मावशी फाटकावरून हाका मारत होती. तुकड्यात दोन ओळी शेजारी होत्या. एक पिवळीधमक, खुरटलेली, जन्माची दुःखी. ती मूळ रडूबाई. दुसरी हिरवीगार. ती मावशीची. दोघींच्या मधून मावशी अशी मिरवत होती जशी दोन्हीकडची करवली. पिवळीला म्हणत होती, "शाब्बास गं माझी बाय." हिरवीला काही म्हणत नव्हती. जाता जाता नुसता हात फिरवत होती.

हिरवीला आता नव्या जातींच्या रांगेत जागा मिळाली. तिचं नाव काय ठेवायचं यावरून कार्यालयात अजून भांडणं आहेत. मावशी तिला रडूबाईच म्हणते.

कापणी जवळ आली तसा पेच उभा राहिला. पिवळीचं बी धरायचं होतं. ते कसं धरायचं ते मॅडमने नीट समजावलं होतं. चांगली, वाईट, काही बघायचं नाही. येईल त्या ओंबीला हात घालायचा. मावशी पिशवी घेऊन ओळीत शिरली. डोळे मिटून हात पुढे केला. डोळे उघडले तर हातात ओळीतली सगळ्यात भरलेली ओंबी. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तेच. बोटंच चाचपून पुढे जात होती.

तिने पिशवी खाली ठेवली आणि फाटकाशी आली. बूटकाका डबा घेऊन बाहेर उभा होता. वाळत घातलेल्या बुटांकडे त्याने पाठ केली होती. तसं ठरलंच होतं.

"अहो, आत या."

"मी? आत?"

"तुम्हाला चांगली ओंबी कुठली, वाईट कुठली, कळतं का?"

"मला बुटातलं कळतं."

"म्हणूनच या. तुम्ही तोडा. माझा हात ऐकत नाही."

त्याने डबा पहारेकऱ्याकडे दिला. लाल बूट पायात चढवले. टाचेवरचं ठिगळ अंगठ्याने एकदा दाबून बघितलं. मग ओळीत शिरला आणि समोर येईल ती ओंबी तोडायला लागला. बारकी, वाकडी, अर्धी रिकामी, मधेच एखादी बरी. मावशी कुंपणाला धरून बघत होती. तिला बघवत नव्हतं. ती बघत होती.

"ती नको हो, किती मरतुकडी आहे," तिच्या तोंडून गेलंच.

"तू मागे बघ," तो आतून म्हणाला.

तिने पाठ फिरवली. समोर बुटांची रांग होती. एकाची टाच उललेली होती.

"अहो," ती मागे न बघताच म्हणाली, "बाहेर आलात की आधी पाय धुवा. मग तुम्हाला एक गंमत दाखवते."